स्वातीच्या शेजारचा मिणमिणता दिवा

स्वाती नक्षत्राची ओळख शेतकरी मंडळींना करून द्यावी लागत नाही. दिवाळीच्या आगेमागे सूर्य स्वातीत असतो, त्या दिवसांत पडणाऱ्या पावसाला स्वातीचा पाऊस म्हणतात, आणि त्याच्या थेंबांचे शिंपल्यात मोती होतात असे आपल्या आज्या-पणज्या सांगत आल्या. मोत्यांचे खरेखोटे काही असो, पण ज्या तारकेवरून नक्षत्राला हे नाव पडले ती तारका मात्र खरोखरीच पाहण्याजोगी आहे. ज्येष्ठ महिन्यात रात्री नऊ-साडेनऊच्या सुमारास अंगणात बाज टाकून उताणे पडा. सप्तर्षींच्या शेपटीचा बाक तसाच पुढे वाढवत नेला की जवळजवळ डोक्यावर जी ठळक, नारिंगी झाक असलेली तारका लागते, तीच स्वाती. आता हात ताठ लांब करून चार बोटे आडवी धरा आणि स्वातीपासून उत्तरेकडे तेवढे अंतर मोजा. तिथे तुम्हांला काहीही दिसणार नाही.

आज तुमच्याशी बोलायचे आहे ते या काहीही न दिसणाऱ्या जागेविषयी.

त्या जागी एक दीर्घिका आहे. दीर्घिका म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखाच अब्जावधी ताऱ्यांचा मेळा. हौशी मंडळींजवळच्या चांगल्या दुर्बिणीतून ती अंधुक, पांढुरक्या ठिपक्यासारखी दिसते. तिला गोड नाव काही कोणी ठेवलेले नाही. १८८८ साली ड्रायर नावाच्या ज्योतिर्विदाने आकाशातील हजारो अंधुक वस्तूंची एक मोठी यादी प्रसिद्ध केली. त्या यादीत हिचा क्रमांक ५५४८, म्हणून हिचे नाव एन.जी.सी. ५५४८. आपल्या जमिनीला सातबारावर गट नंबर असतो ना, त्यातलाच हा प्रकार. ती आपल्यापासून सुमारे साडेचोवीस कोटी प्रकाशवर्षे दूर आहे. म्हणजे आज दुर्बिणीत शिरणारा तिचा प्रकाश साडेचोवीस कोटी वर्षांपूर्वी तिथून निघाला. सह्याद्रीचा काळा फत्तर लाव्हारसाच्या रूपाने जमिनीवर पसरला त्याला साडेसहा कोटी वर्षे झाली. हा प्रकाश त्याच्या तिपटीहूनही जुना!

इतक्या जुन्या आणि इतक्या दूरच्या वस्तूत रोजच्या रोज काय घडणार, असे कोणालाही वाटेल. पण मौज अशी, की या दीर्घिकेच्या मधोमध जो तेजस्वी ठिपका आहे त्याचा उजेड दिवसादिवसाला कमीजास्त होतो. ताऱ्यांचे लुकलुकणे वेगळे, ते आपल्या हवेमुळे होते. हा ठिपका खरोखरच मोठा होतो आणि मंदावतो. वातीला वारा लागावा तसा.

असे तेजस्वी केंद्र असलेल्या दीर्घिकांकडे प्रथम नीट लक्ष वेधले ते कार्ल सीफर्ट या अमेरिकन ज्योतिर्विदाने. १९४३ साली त्याने अशा मोजक्या दीर्घिकांची यादी छापली, तीत आपली ५५४८ होती. त्या वेळी या कामाची फारशी वाखाणणी झाली नाही. पुढे १९६३ साली मार्टेन श्मिट यांनी क्वासार नावाच्या अतिदूरच्या, अतितेजस्वी वस्तूंचा उलगडा केला आणि मग सगळ्यांच्या ध्यानात आले, की क्वासार आणि सीफर्टच्या दीर्घिका ही एकाच घराण्यातली धाकटी-थोरली भावंडे आहेत. या साऱ्यांना मिळून आता सक्रिय दीर्घिका म्हणतात. सीफर्टला मात्र हे पाहायला मिळाले नाही. १९६० साली मोटारीच्या अपघातात तो गेला.

आता हा उजेड पाडतो कोण? केंद्रात एक प्रचंड कृष्णविवर आहे. कृष्णविवरातून उजेड बाहेर येत नाही हे शाळेतल्या मुलांनाही ठाऊक असते, त्यामुळे 'मग ते चमकते कसे?' असा प्रश्न वर्गात हमखास येतो. उत्तर असे, की चमकते ते विवर नव्हे, त्यात पडू पाहणारा वायू. पाणी मोरीच्या तोंडाशी सरळ आत न पडता गरगरत जाते, तसा हा वायू विवराभोवती फिरत फिरत आत सरकतो. त्याची एक चपटी चकती तयार होते. चकतीतले थर एकमेकांवर घासतात, तापतात आणि उजळतात. लोहाराच्या भट्टीत लोखंड आधी लाल होते, मग पिवळे, मग पांढरे. त्याहूनही तापवता आले असते तर ते निळसर झाले असते, आणि आणखी तापल्यावर त्याच्या तेजाचा मोठा वाटा आपल्या डोळ्यांना दिसेनासाच झाला असता. चकतीच्या आतल्या भागात नेमके हेच होते. तिथे उष्णता हजारो अंशांच्या घरात असते आणि तेथून मुख्यतः अतिनील किरण बाहेर पडतात. जुन्या क्रमिक पुस्तकांत यांना 'जंबुपार' म्हणत. जांभळ्याच्या पलीकडले ते जंबुपार. शब्द मोठा छान होता, का मागे पडला कोण जाणे.

तेव्हा या दिव्याची खरी हालहवाल कळायची तर ती अतिनील किरणांतच पाहिली पाहिजे. आणि नेमके तेच किरण जमिनीपर्यंत पोचत नाहीत. वातावरणातील ओझोन आणि प्राणवायू ते वरच्यावर गिळतात. आपल्या कातडीच्या आणि पिकांच्या दृष्टीने ही मोठी कृपाच म्हणायची, पण ज्योतिर्विदाच्या दृष्टीने खिडकीला कायमचा पडदा! पडद्याच्या वर जाणे एवढाच उपाय. २६ जानेवारी १९७८ रोजी अमेरिका, ब्रिटन आणि युरोपीय अंतराळ संघटना यांनी मिळून एक उपग्रह सोडला. त्याच्या नावाचा अर्थ 'आंतरराष्ट्रीय अतिनील संशोधक'. त्यावरच्या दुर्बिणीचा आरसा अवघा ४५ सेंटिमीटरांचा, म्हणजे घरातल्या परातीएवढा. काम तीन वर्षे करायचे होते, केले अठरा वर्षांहून अधिक. यान स्थिर रोखून धरण्यासाठी त्यात सहा भोवरे बसवले होते. १९८५ पर्यंत त्यांतले चार निकामी झाले. तंत्रज्ञांनी राहिलेल्या दोन भोवऱ्यांच्या जोडीला सूर्य पाहून दिशा ठरवण्याची युक्ती बसवली आणि गाडी पुढे हाकली. बैलजोडीतला एक बैल बसल्यावरही पेरणी उरकणाऱ्या माणसाला यातले कसब कळेल.

या परातीएवढ्या आरशाने १९८८-८९ मध्ये जे काम केले त्याचीच मुख्य हकीकत सांगायची आहे.

त्याआधी एक अडचण होती. दुर्बिणी थोड्या आणि मागणारे फार, म्हणून प्रत्येकाला वर्षातून दोन-चार वेळा आकाशाकडे पाहायला मिळे. वैद्याने वर्षातून एकदा नाडी पाहिली तर रोग्याचा ताप चढतो कधी आणि उतरतो कधी, हे त्याला काय कळणार? तेव्हा अनेक देशांच्या ज्योतिर्विदांनी आपापल्या वाट्याचा वेळ एकत्र केला आणि ठरवले, की सगळ्यांनी मिळून एकाच दीर्घिकेची नाडी धरायची. निवड झाली ५५४८ ची. डिसेंबर १९८८ पासून ऑगस्ट १९८९ पर्यंत, दर चार दिवसांनी एकदा, या उपग्रहाने तिचा अतिनील वर्णपट घेतला. असे सुमारे साठ वेध झाले. त्याच काळात जमिनीवरच्या दुर्बिणी तिचा साधा, दिसणारा प्रकाश मोजत होत्या.

आठ महिन्यांत केंद्राचा अतिनील उजेड तीनदा मोठा चढला आणि उतरला. दिसणाऱ्या प्रकाशातही चढउतार झाले, पण सौम्य. किरण जितके जांभळ्याच्या पलीकडले, तितकी त्यांची उसळी मोठी.

या चढउतारांवरून पहिली गोष्ट कळते ती दिव्याच्या आकाराची. कोसभर लांब पसरलेली दिंडी डोळ्यांसमोर आणा. पुढे पखवाजावर थाप पडली आणि ताल बदलला. शेवटच्या टोकाला तो बदल ऐकू जायला काही सेकंद लागणारच. आवाज पोचण्याच्या आत सगळी दिंडी एकदम ताल बदलू शकत नाही. प्रकाशाचेही तसेच. जगात प्रकाशाहून वेगाने निरोप जात नाही. एखादी वस्तू काही दिवसांत लक्षणीय उजळत असेल, तर ती काही प्रकाशदिवसांहून मोठी असूच शकत नाही. एक प्रकाशदिवस म्हणजे प्रकाशाने एका दिवसात कापलेले अंतर, सुमारे २,५९० कोटी किलोमीटर. हा आकडा मोठा वाटतो खरा. पण दीर्घिकेचा पसारा हजारो प्रकाशवर्षांचा, आणि तिच्यातल्या सगळ्या ताऱ्यांशी बरोबरी करू पाहणारा हा दिवा काही प्रकाशदिवसांत मावतो. गावभर उजेड पाडणारी ज्योत मोहरीएवढी असावी, तसे हे आहे.

दुसरी गोष्ट अधिक गमतीची. लहानपणी घाटातून जाताना आपण सगळ्यांनीच ओरडून पाहिलेले असते. आपण हाळी द्यावी, समोरच्या कड्यावरून ती परत यावी. हाळी परत यायला दोन सेकंद लागले तर आवाजाने जाण्यायेण्यात साधारण ६८० मीटर कापले, म्हणजे कडा ३४० मीटरांवर. मोजपट्टी नको, चालत जायला नको, नुसते मनातल्या मनात आकडे मोजले की झाले.

आपल्या ५५४८ मध्ये हाळी देणारा आहे तो अतिनील दिवा, आणि कडा आहे त्याच्याभोवती दूरवर फिरणारे वायूचे ढग. चुलीत चिमूटभर मीठ टाकले की ज्योत पिवळी होते, कारण मिठातल्या सोडियमचा स्वतःचा असा रंग असतो. तसे प्रत्येक मूलद्रव्याला आपापले रंग असतात, आणि वर्णपटात ते ठळक रेषांच्या रूपाने उमटतात. दिव्याचे अतिनील किरण ढगांवर पडले की ढगांतले हायड्रोजन, हेलियम, कार्बन आपापल्या रंगात चमकू लागतात. दिवा मोठा झाला की रेषाही ठळक होतात, पण लगेच नव्हे. प्रकाश दिव्यापासून ढगापर्यंत जायला जेवढा वेळ लागतो तेवढ्या उशिराने. अर्थात ढग दिव्याच्या चहूबाजूंना आहेत. आपल्या बाजूच्या ढगांचा पडसाद लवकर येतो, पलीकडच्यांचा उशिरा येतो, आणि सगळ्यांची सरासरी काढली की ती दिव्यापासून ढगांच्या अंतराएवढी भरते. ही कल्पना ब्लँडफर्ड आणि मकी या दोघांनी १९८२ साली गणितात नीट मांडून ठेवली होती.

१९८८-८९ च्या वेधांत हे पडसाद लख्ख उमटले. हेलियमची रेषा काही दिवसांतच उत्तर देई, कार्बनची आणखी उशिराने, आणि हायड्रोजनच्या एका प्रमुख रेषेला सुमारे वीस दिवस लागत. म्हणजे हायड्रोजनची ती रेषा देणारा वायू दिव्यापासून वीस प्रकाशदिवसांवर! आजवर बांधलेल्या कोणत्याही एकट्या दुर्बिणीत हे अंतर वेगळे दिसू शकत नाही, सगळा मामला एका ठिपक्यात मिसळलेला असतो. मोजपट्टी जिथे पोचत नाही तिथे घड्याळ पोचले.

शिक्षक बंधु-भगिनींनो, येथून पुढचे गणित तुम्ही फळ्यावर करून दाखवू शकाल. आठवी-नववीच्या मुलांना ते सहज झेपेल. आपल्याला त्या कृष्णविवराचे वजन काढायचे आहे.

गोफण फिरवताना तुम्हांला अनुभव असेल. दगड जितका जोरात फिरवावा तितकी दोरी घट्ट धरावी लागते. वेग दुप्पट केला तर ओढ चौपट लागते. आकाशात दोरीचे काम गुरुत्वाकर्षण करते. फिरणाऱ्या वस्तूचे अंतर आणि वेग कळला, की मध्ये बसून धरून ठेवणाऱ्याचे वजन कळते. नियम एवढाच, की वेगाचा वर्ग करा आणि त्याला अंतराने गुणा. वजन या गुणाकाराच्या प्रमाणात असते.

ढगांचा वेग कसा कळतो? एस.टी. हॉर्न वाजवीत आपल्याकडे येते तेव्हा आवाज चढा लागतो, पुढे निघून गेली की उतरतो. प्रकाशातही तसेच होते. आपल्याकडे येणाऱ्या ढगाची रेषा जराशी निळ्याकडे सरकते, दूर जाणाऱ्याची तांबड्याकडे, आणि दोन्ही मिळून रेषा रुंद होते. सीफर्टने १९४३ साली ज्या रुंद रेषा पाहिल्या होत्या त्या याच. रुंदीवरून वेग निघतो तो सेकंदाला काही हजार किलोमीटर. आपण हिशेबासाठी ३,००० धरू.

आता तुलना करू आपल्या पृथ्वीशी. पृथ्वी सूर्याभोवती सेकंदाला ३० किलोमीटर वेगाने फिरते आणि तिचे सूर्यापासूनचे अंतर ८.३ प्रकाशमिनिटे आहे. ढगांचा वेग पृथ्वीच्या शंभरपट, शंभराचा वर्ग दहा हजार. ढगांचे अंतर वीस दिवस, म्हणजे २८,८०० मिनिटे. त्याला ८.३ ने भागले की साधारण ३,५०० पट. दहा हजार गुणिले साडेतीन हजार, उत्तर साडेतीन कोटी. म्हणजे मध्ये जे कोणी बसले आहे त्याचे वजन साडेतीन कोटी सूर्यांच्या घरात आहे! ढगांच्या कक्षा आपल्या नजरेला कशा तिरप्या पडल्या आहेत वगैरे बारीक हिशेब केला की शास्त्रज्ञांचा आकडा पाच कोटींच्या आसपास येतो. फळ्यावरचे आपले उत्तर काही फार चुकले नाही.

वर्गात एखादी चुणचुणीत मुलगी उठून विचारील, 'पण सर, ते ढग खरेच फिरतात हे कशावरून? ते नुसते वाऱ्यासारखे बाहेर फेकले जात असतील तर?' प्रश्न अगदी बिनतोड आहे, आणि शास्त्रज्ञांनीही तो स्वतःला विचारला. ढग खरोखर फिरत असतील तर ग्रहांचा नियम त्यांनाही लागू पडला पाहिजे. जवळचा ढग वेगाने आणि दूरचा सावकाश, तोही ठरलेल्या हिशेबाने. अंतर चौपट तर वेग निम्मा. पडसाद लवकर देणाऱ्या रेषा अधिक रुंद आणि उशिरा देणाऱ्या अरुंद निघायला हव्यात. १९९९ साली पीटरसन आणि वँडेल यांनी ५५४८ च्या सगळ्या रेषांचे असे कोष्टक मांडले. हेलियम, कार्बन, हायड्रोजन, साऱ्यांचे आकडे त्या एकाच नियमात बसले. कोणतीही रेषा घ्या, वजन तेच निघते.

मंडळी, एवढ्या खटाटोपाचा उपयोग काय, असे तुम्ही म्हणाल. धान्य मोजायचे मापटे एकदा खात्रीचे असले की सगळ्या खळ्याचा हिशेब बिनघोर होतो. ५५४८ हे ज्योतिर्विदांचे असेच एक मापटे झाले. तिच्यासारख्या काही डझन दीर्घिकांचे पडसाद मोजल्यावर दिसून आले, की दिवा जितका तेजस्वी तितके ढग दूर, आणि हे नाते बरेच पक्के आहे. मग दूरच्या क्वासाराचा पडसाद वर्षानुवर्षे मोजत बसायचे कारण नाही. त्याचे तेज मोजा, त्यावरून ढगांचे अंतर काढा, रेषेची रुंदी मोजा, झाले वजन. या रीतीने हजारो क्वासारांच्या कृष्णविवरांची वजने काढून ठेवलेली आहेत. विश्व कोवळे असताना एवढी अजस्र विवरे इतक्या लवकर कशी वाढली, हा आजच्या खगोलशास्त्रातला मोठा वाद या वजनांवरच उभा आहे. तेव्हा मापटेच गळके निघाले, तर सगळ्या खळ्याचा हिशेब चुकला म्हणायचा.

म्हणूनच २०१४ साली त्याची पुन्हा परीक्षा झाली. फेब्रुवारीपासून जुलैपर्यंत हबल दुर्बिणीने ५५४८ चा अतिनील वर्णपट जवळजवळ रोज घेतला. स्विफ्ट नावाचा उपग्रह तिचे क्ष-किरण, अतिनील किरण आणि दिसणारा प्रकाश मोजत होता, आणि खाली जमिनीवरच्या दुर्बिणी होत्याच. दीर्घिकेची नाडी इतक्या बारकाईने पूर्वी कोणी धरली नव्हती.

आणि या परीक्षेत दोन गोष्टी अनपेक्षित निघाल्या.

पहिली चकतीविषयी. चकती आत फार तापलेली आणि बाहेर तुलनेने थंड असते. आतून अतिनील किरण येतात, बाहेरच्या भागातून दिसणारा प्रकाश. आता पाटाचे पाणी पाहा. पाटकऱ्याने वर दार उघडले की पाणी शेवटच्या शेतापर्यंत पोचायला अर्धा दिवस लागतो. पण त्याने 'पाणी सोडलं हो!' अशी हाळी दिली, तर ती पोचायला क्षण पुरतो. चकतीतला बदल वायूच्या सरकण्यातून होत असता, तर तो बाहेरून आत गेला असता, आणि त्याला महिने नव्हे, कितीतरी वर्षे लागली असती. दिसणारा प्रकाश आधी बदलला असता, अतिनील मागाहून. प्रत्यक्षात घडते उलट. अतिनील उजेड आधी बदलतो आणि दिसणारा प्रकाश एक-दोन दिवसांनी त्याच्यामागून. म्हणजे बातमी पाण्याने नव्हे, हाळीने जाते. मध्याजवळचा कुठलासा चंचल उजेड चकतीच्या अंगावर पडतो आणि तिला जागोजाग तापवीत बाहेर जातो. १९८९ मध्येही अतिनील आणि दिसणारा प्रकाश बरोबरीने हलताना दिसले होते, पण चार-चार दिवसांच्या वेधांत एक-दोन दिवसांचा उशीर सापडणार कसा? तो २०१४ मध्ये सापडला. मात्र उशिरावरून चकतीचे माप काढले तर ते पुस्तकी हिशेबाच्या सुमारे तिप्पट आले. यात ढगांच्या स्वतःच्या अंधुक उजेडाची भर पडून उशीर जास्त दिसतो, असे एक म्हणणे आहे. चकतीचे पुस्तकी चित्रच सुधारले पाहिजे, असे दुसरे. त्यातून क्ष-किरणांचा ताल अतिनील उजेडाशी नीट जुळला नाही, त्यामुळे हाळी देणारा नेमका कोण हाही पेच उरलाच.

दुसरी गोष्ट ढगांविषयी. मोहिमेचे पहिले दोन-अडीच महिने सारे सुरळीत चालले होते. दिव्याने हाळी द्यावी, ढगांनी ओ द्यावी. आणि मग एकाएकी ढग गप्प झाले. अतिनील दिवा वर-खाली होत होता, पण रेषा त्याच्यामागून जाईनात. हे सुमारे दोन महिने चालले. पुढे ढगांचा आणि दिव्याचा संवाद पुन्हा सुरू झाला. शास्त्रज्ञांनी या काळाला चक्क 'सुट्टी' असे नाव दिले. दिवसही नेमके आपल्या शाळांच्या उन्हाळी सुट्टीचे, एप्रिल-मेच्या आसपासचे!

गंमत जाऊ द्या, पण प्रकरण गंभीर होते. सगळ्या मापाचा पाया हा, की दिव्याचा जो चढउतार आपण पाहतो तोच ढगांनाही दिसतो. तो पायाच हलला, तर आधीच्या पडसादांवर तरी विश्वास कसा ठेवायचा? उलगडा करायला आदल्या वर्षाचा एक शोध उपयोगी पडला. २०१३ साली क्ष-किरणांच्या दुर्बिणींना आढळले होते, की ५५४८ च्या केंद्राजवळून वायूचा एक दाट लोट वर उठला आहे आणि त्याने केंद्राचे सौम्य क्ष-किरण जवळजवळ नव्वद टक्के अडवले आहेत. आपण कड्याकडे तोंड करून हाळी देत असताना मधून कडब्याने भरलेली गाडी जावी, तसे काहीसे झाले असावे. बाजूला उभ्या असलेल्या माणसाला हाळी नीट ऐकू येते, कड्याला मात्र दबकी. ढगांना चेतवणारे जे अतितीव्र किरण असतात ते या लोटात अडकले. आपण मोजतो ते जरा सौम्य अतिनील किरण सुटून आपल्यापर्यंत आले. लोट पातळ झाला तसे ढग पुन्हा बोलू लागले. बहुतेकांना आता हाच उलगडा पटतो. मापटे फुटके नव्हते, त्यात कचरा अडकला होता. पण दुसऱ्या एखाद्या दीर्घिकेचे वजन काढताना तिचे ढग सुट्टीवर तर नाहीत ना, हे पाहण्याची खबरदारी आता घ्यावी लागते.

पडसादावर न विसंबता ढगांचे फिरणे पडताळून पाहायची एक संधी मधल्या काळात मिळाली. दक्षिण अमेरिकेत चिली देशातील पारानाल डोंगरावर आठ-आठ मीटरांच्या चार दुर्बिणी आहेत. त्या चौघींचा प्रकाश एकत्र जुळवून २०१८ साली ३सी २७३ या क्वासाराच्या ढगांचे फिरणे थेट मोजण्यात आले. १९६३ साली श्मिट यांनी उलगडलेला क्वासार तो हाच. ढगांचे अंतर सुमारे दीडशे प्रकाशदिवस आले आणि कृष्णविवराचे वजन सुमारे तीस कोटी सूर्यांएवढे. घड्याळाने काढलेल्या मापांशी ते जुळणारे होते.

या कामात आपल्या देशाचाही हात आहे. २८ सप्टेंबर २०१५ रोजी श्रीहरिकोटा येथून ॲस्ट्रोसॅट हा उपग्रह सोडण्यात आला. त्यावर अतिनील किरणांसाठी ३८ सेंटिमीटर आरशाच्या दोन जुळ्या दुर्बिणी आहेत. बंगळूरच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेने त्या बांधल्या, आणि पुण्याची आयुका, मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था, इस्रो आणि कॅनडाची अंतराळ संस्था यांचे त्याला साह्य झाले. त्याच यानावर क्ष-किरण पाहणारी उपकरणेही आहेत. अतिनील दिवा आणि क्ष-किरण यांचा ताल जुळतो का, हा जो पेच मघाशी सांगितला, त्यासाठी एकाच वेळी दोन्ही पाहणारे यान फार मोलाचे. जवळच्या अतिनील किरणांची वाहिनी २०१८ मध्ये बंद पडली, दूरच्या अतिनील किरणांची चालू राहिली. पाच वर्षांच्या बोलीवर गेलेले हे यान पाच वर्षे उलटून गेल्यावरही सक्रिय दीर्घिकांचे वेध घेत राहिले. त्याची माहिती वापरणाऱ्यांना मदत करणारा कक्ष पुण्यात आयुकामध्ये आहे, आणि ठरलेली मुदत संपली की ॲस्ट्रोसॅटचे वेध सर्वांसाठी खुले होतात. तालुक्याच्या महाविद्यालयातल्या एखाद्या विद्यार्थ्यालाही ते मागवून घेता येतात आणि एखाद्या दीर्घिकेचा उजेड कोणत्या दिवशी किती होता, याचा आलेख स्वतः काढून पाहता येतो.